स्वयंपाकघराची नवी आवृत्ती

"सगळं नेलं आणि कचऱ्याचा डबा तेवढा ठेवला! चोरसुद्धा एवढे कोडगे नसतात!"

मी चहाचा कप घेऊन अगदी पाठीशी उभी होते, म्हणून हे पुटपुटणं मला ऐकू आलं. माझे यजमान श्रीनिवास कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लावून बसले होते. पडद्यावर हिरवागार डोंगर, निळं आभाळ आणि खाली कोपऱ्यात एकुलता एक कचऱ्याचा डबा. बाकी सगळी चित्रं गुल!

गोष्ट दोन हजार तीन सालची. आमचा कॉम्प्युटर चालता चालता मान टाकायचा, म्हणून बुधवार पेठेतल्या संपतकडे दुरुस्तीला दिला होता. संपतने तो दुरुस्त केलाच, वर आमच्यावरच्या प्रेमापोटी जुनी अठ्ठ्याण्णवची विंडोज काढून नवी एक्सपी घालून दिली. साडी फॉल-पिकोला टाकावी आणि ती रंगवून परत यावी, तसं झालं!

श्रीनिवास पिंपरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहेत. पण त्यांचं खरं कार्य म्हणजे वर्तमानपत्रांना पत्रं पाठवणं. फुटपाथ, लग्नाच्या वराती, बसच्या पाट्यांवरचं शुद्धलेखन! जगातला असा एकही त्रास नाही ज्यावर ह्यांनी पत्र लिहिलेलं नाही. त्या पत्रांचा कप्पा पूर्वी पडद्यावर डाव्या हाताला, वरून दुसरा असायचा. आता तिथे आभाळ होतं.

"बाबा, कप्पा गेला नाहीये, हिरव्या बटणाच्या आत आहे," उत्कर्षा म्हणाली. ही आमची लेक, नुकतीच हिंजवडीच्या एका कंपनीत लागलेली. "नवीन व्हर्जन जास्त युजर फ्रेंडली आहे."

"फ्रेंड? न विचारता घरात शिरून सामान आवरणाऱ्याला फ्रेंड म्हणतात?"

"श्रीनिवासराव, काळाबरोबर चला!" हे डॉक्टर दत्तप्रसाद. समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. होमिओपॅथ, अविवाहित आणि आमच्या संध्याकाळच्या चहाचे आजीव सभासद. "काय तो डोंगर! पावसाळ्यात खडकवासल्याच्या पुढे अस्साच दिसतो."

"मग मी खडकवासल्याला जाऊन बघेन. पत्र लिहिताना मध्ये डोंगर कशाला? आणि ते स्टार्टचं बटण! बालवाडीतल्या खेळण्यासारखं!"

"ठळक दिसतं हो."

"जुनं करड्या रंगाचं होतं, तेव्हा काय मी त्याला अडखळून पडत होतो?"

"बाबा, एका क्लिकमध्ये जुनं रूप परत आणता येतं. क्लासिक म्हणतात त्याला."

"नको! तोतयाला फेटा बांधला म्हणून तो आपला माणूस होत नाही!"

रोज संध्याकाळी ही सभा भरायची. चहा मात्र मीच करायचा! शेवटी एके दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढा गहजब कशाला म्हणते मी! वस्तूंची जागा बदलली तर बदलली. स्कूटर मी एकटीने शिकले, कॉम्प्युटर दुपारच्या वेळी कुणाला न विचारता शिकले. उद्या माझं अख्खं स्वयंपाकघर कुणी उलटंपालटं करा, तरी नेहमीच्या वेळेला चारी ठाव स्वयंपाक करून दाखवीन!"

श्रीनिवासांनी कप अगदी हळू बशीत ठेवला. आवाजसुद्धा नाही! पुण्यात मुरलेला माणूस कप इतका हळू ठेवतो, तेव्हा समोरच्याने सावध व्हावं. मी झाले नाही.

"बघ हं," ते म्हणाले.

"बघितलं!"

आता आमच्या स्वयंपाकघराविषयी सांगायला हवं. ते म्हणायला माझं, पण मांडणी सासूबाईंची. सासूबाईंचं नाव मुक्ताई. मी लग्न होऊन परभणीला गेले, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला फळीसमोर उभं केलं आणि गंभीर चेहऱ्याने एकेका डब्याला हात लावून सांगितलं, "हे इथं, हे इथं, आणि साखर वरच्या फळीवर. आपल्याकडे असंच असतं." मी मान डोलावली. पुढे आम्ही पुण्याला सदाशिव पेठेतल्या ह्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हाही ट्रकमधून उतरलेला प्रत्येक डबा मी जसाच्या तसा लावला. खिडकी पलीकडच्या बाजूला आली म्हणून काय झालं! आमच्या येसर मसाल्याच्या डब्याने इतक्या वर्षांत आपली जागा सोडलेली नाही. सासूबाईंच्या मांडणीला हात लावणं म्हणजे देव्हाऱ्यातल्या देवांची अदलाबदल करणं. मी तर कधी डबा तिरकासुद्धा ठेवला नाही!

तर पुढच्या रविवारी मी मंडईत गेले होते. सासूबाई पुतण्याच्या लग्नाला परभणीला गेलेल्या, सोमवारी संध्याकाळी यायच्या होत्या. मी वांगी घेऊन परत आले, तर दारात श्रीनिवास, उत्कर्षा आणि डॉक्टर नवरीकडचे असल्यासारखे स्वागताला उभे!

"या," श्रीनिवास म्हणाले. "नवी आवृत्ती तयार आहे."

मी आत गेले आणि पिशवी तशीच हातात राहिली. ओटा लख्ख मोकळा! ना मिसळणाचा डबा, ना तेलाचं भांडं, ना चिमटा. ओट्याच्या मधोमध फक्त कचऱ्याचा डबा.

"अहो! आईंना कळलं तर?"

"आई उद्या येणार. जेवणं झाली की सगळं होतं तसं. का? घाबरलीस?"

"मी? वांगी चिरायला घेते!"

गॅसखालच्या कपाटावर हिरवा कागद डकवला होता, 'सुरू'. आत आणि वर सगळीकडे उत्कर्षाने छापलेल्या चिठ्ठ्या. 'तडतडणाऱ्या वस्तू.' 'पांढऱ्या वस्तू.' 'वासाच्या वस्तू.' 'क्वचित लागणारे.' प्रत्येक विभागात डॉक्टरांनी डबे औषधाच्या बाटल्यांसारखे वर्णमालेप्रमाणे लावलेले, आणि प्रत्येक डब्यावर एक सुबक चित्र.

"आई, वाचायचीसुद्धा गरज नाही. नुसतं चित्र बघायचं!"

मी गॅस पेटवला, तेल तापत ठेवलं आणि पदर खोचला. मोहरी हवी होती. तडतडणाऱ्या वस्तूंचं दार उघडलं. तीन डबे, तिन्हींवर काळे ठिपके!

"उत्कर्षा, ह्यात मोहरी कुठली?"

"ठिपक्यांचं चित्र आहे ना, ती."

"कारळ्यांवर काय काढलंयस?"

"ठिपके."

"आणि काळ्या तिळांवर?"

"...जरा लांबट ठिपके."

तेल धुरावलं होतं. मी अंदाजाने एक चमचा टाकला. कारळे निघाले! ते तडतडले नाहीत, नुसते रुसून काळेठिक्कर पडले. दुसऱ्या गॅसवर कुकर लावला, तर शिट्टी नाही.

"शिट्टी कुठंय?"

"क्वचित लागणारेमध्ये. माळ्यावर," श्रीनिवास म्हणाले. "पोळपाटाशेजारी."

"पोळपाट क्वचित लागतो?"

"मला तरी कधी लागला नाही."

ह्यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. हिंग शेवटी उदबत्त्या आणि डांबराच्या गोळ्यांच्या मधे सापडला. वासाच्या वस्तू! डॉक्टर म्हणाले, "वहिनी, वर्गीकरण अगदी शास्त्रीय आहे." मी म्हटलं, "मग आज वरणात गोळीच टाकते, तीसुद्धा शास्त्रीयच!" श्रीनिवास मात्र घड्याळाकडे बघत मंद हसत होते. इतकं समाधान त्यांना पत्र छापून आल्यावरसुद्धा झालेलं मी पाहिलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. उत्कर्षाने घेतला आणि ती फोडणीतल्या कारळ्यांसारखी काळवंडली.

"आज्जी आहे. शिवाजीनगरला उतरलीये."

श्रीनिवासांनी झडप घालून फोन घेतला. "आई! आजच? बरं, बरं... तू तिथंच थांब, मी न्यायला येतो. सावकाश येतो... काय? रिक्षा मिळाली?" त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. "रिक्षावाला पहिल्याच हाकेला हो म्हणाला म्हणे."

"पुण्यात?" डॉक्टर किंचाळले.

त्यात रविवार! रस्ते मोकळे. गर्दी हवी असते, तेव्हा ती कधी वेळेवर येत नाही.

इतक्या वर्षांत सासूबाई मला एका शब्दाने टोचून बोलल्या नव्हत्या. भांड्याला भांडं लागलं नाही, कारण प्रत्येक भांडं त्यांनी ठरवलेल्या जागेवर होतं! आणि आता त्या येणार, आणि बघणार काय, तर ओट्यावर कचऱ्याचा डबा!

"सिस्टीम रिस्टोअर!" उत्कर्षा ओरडली. "आई, सगळं कालच्यासारखं करायचं. सांग, कुठे काय होतं?"

मला आठवेना! मेतकूट जिऱ्याच्या अलीकडे की पलीकडे? डाळी खालच्या फळीवर, पण कुठली पुढे? इतकी वर्षं जिथे आंधळेपणाने हात घातला, तिथे काय होतं हे मला सांगता येईना.

"आंधळेपणाने!" मी म्हटलं. "उत्कर्षा, तुझी ओढणी दे. माझे डोळे बांध!"

आणि मी डोळे बांधून रिकाम्या ओट्यासमोर खोटा स्वयंपाक सुरू केला. मनात कढई ठेवली. हात आपोआप वर गेला, किंचित उजवीकडे.

"मोहरी!" मी ओरडले. डॉक्टरांनी तिथे डबा ठेवला.

"उघडून वास घेऊन ठेवा, ठिपक्यांवर विसंबू नका! हळद, खाली! तिखट, तिच्या पाठीशी! मीठ, डावीकडे! आता कणीक भिजवते... मीठ, उजवीकडे!"

"वहिनी, मीठ दोनदा झालं."

"कणकेचं वेगळं असतं!"

"डबे दोन, वस्तू एकच? हे वर्गीकरणात बसत नाही."

"डॉक्टर, ठेवा!"

हात फिरत होते, डबे बसत होते. आणि एकाएकी श्रीनिवासांचा आवाज आला. थट्टेचा नव्हे, अगदी आतून आलेला.

"शैला, हेच! हेच मी म्हणत होतो गं! माझाही हात असाच जातो. डाव्या बाजूला, वरून दुसरा. आणि तिथे आता आभाळ आहे."

बांधलेल्या डोळ्यांनी मला नवऱ्याचं म्हणणं पटलं. उघड्या डोळ्यांनी कधी पटल्याचं मला आठवत नाही.

"उद्या बसू आपण," मी म्हटलं. "तुमचा कप्पा होता तिथे आणून ठेवू. आधी तूरडाळ द्या!"

आणि बेल वाजली.

मी ओढणी काढली. मधल्या फळ्या लागल्या होत्या. वरची फळी मोकळीच! साखर, चहा, पोहे, रवा अजून खाली, गॅसखालच्या कपाटात, 'पांढऱ्या वस्तू' आणि 'सुरू' मध्ये. घरभर जळक्या कारळ्यांचा धूर. श्रीनिवासांनी कचऱ्याचा डबा उचलून पाठीमागे धरला आणि तशाच अवस्थेत आईच्या पाया पडायला गेले.

सासूबाई आत आल्या. लहानखुऱ्या आहेत त्या, माझ्या खांद्याला लागतात. पिशवी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. 'तडतडणाऱ्या वस्तू' ही चिठ्ठी त्यांनी सावकाश वाचली.

"आई, लग्न कसं झालं?" श्रीनिवास.

"चांगलं झालं."

"आज्जी, बसमध्ये गर्दी होती?"

"होती."

"मुक्ताई, हवा कशी आहे परभणीला?" डॉक्टर.

"चहा घेते," म्हणाल्या आणि मी पुढे व्हायच्या आत स्वतःच ओट्याशी गेल्या. आधण ठेवलं. कपाट उघडलं. साखर घेतली, चहा घेतला. दार लावलं. परत उघडलं, परत साखरेच्या डब्याला नुसताच हात लावून बघितलं. चहा गाळून त्या पाटावर बसल्या, फुंकर घातली, एक घोट घेतला.

मला राहवेना. "आई, ह्यांचं आपलं कॉम्प्युटरवरून काहीतरी... गंमत म्हणून... आत्ता, आत्ता सगळं जागच्या जागी लावते! एक डबासुद्धा इकडचा तिकडे राहणार नाही!"

"नको," सासूबाई म्हणाल्या.

"चिडू नका हो आई."

"चिडते कशाला! साखर राहू दे तिथंच. अगं, ती मांडणी माझी कुठं होती? माझ्या सासूची. त्या होत्या ताडमाड उंच. मला आयुष्यभर साखरेसाठी टाचा वर कराव्या लागल्या."

"मग मला पहिल्या दिवशी..."

"मला दाखवली तशी तुला दाखवली. म्हटलं, ही शिकलेली आहे, पुण्याची आहे, महिन्याभरात सगळं बदलून टाकेल. तर तू ट्रकमधनंसुद्धा तशीच्या तशी उतरवलीस!"

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप माझ्या हातात दिला.

"शैला, मला ती मांडणी एक दिवससुद्धा आवडली नाही गं. पण तू एवढी जपत होतीस, म्हटलं पोरीचं मन कशाला मोडा!"