न हलणाऱ्या केबिनचं रहस्य

स्वतःबद्दल बोलणं मला आवडत नाही. त्यामुळे ठाकुर्ली ते कल्याण या पट्ट्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही, एवढंच सांगून थांबतो. ठाकुर्ली ते डोंबिवली या पट्ट्यातही नाही. त्यापुढचं मी अजून तपासलेलं नाही.

माझं नाव धोंडीबा वाघचौरे. नाव ऐकलं की माणूस गालातल्या गालात हसतो, हसला की बेसावध होतो, आणि बेसावध झाला की मी त्याला पकडतो. आतापर्यंत पकडलं कोणाला नाही, पण बेसावध पुष्कळांना केलंय. एकतीस वर्षं मी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. अंधाऱ्या जिन्याखालचा, कोळिष्टकांतला मीटर जो वाचतो, त्याला माणसाचा चेहरा वाचणं काय जड? तक्रारी यायच्या, नाही असं नाही, पण त्या फक्त आकड्यांबद्दल होत्या.

शिवाय मला एक दैवी देणगी आहे. बाकीच्यांचं अंतर्ज्ञान डोक्यात असतं, माझं पोटात आहे. गुन्हा आसपास आला की पोटात ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर घाम येतो. हे मुख्यतः प्रवासात होतं. घाटात तर फारच. घाटांमध्ये गुन्हेगारी किती वाढलीय, याची सरकारला कल्पना नाही.

माझा सहायक भिवा. पूर्वी मीटरच्या फेरीवर माझ्यामागून शिडी घेऊन यायचा. ‘कामाच्या वेळी मला सर म्हणावे’ असं मी त्याला लेखी दिलंय. तो कागद त्याने घडी करून माझ्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला. टेबल आता हलत नाही आणि तो मला धोंड्याच म्हणतो.

तर बुधवारी संध्याकाळी, बायको हौसाबाई भजनी मंडळाला गेल्याची खात्री करून, दुसऱ्या मजल्यावरचे तानाजीराव शिंगटे माझ्याकडे आले. आत येऊन त्यांनी दार लावलं, मग खिडकी लावली, मग पंखा बंद केला.

“पंखा कशाला?” मी विचारलं.

“तो फिरताना बघितला की मला कसंतरी होतं.”

मी भिवाकडे सूचक नजरेने पाहिलं. भिवाने पंख्याकडे पाहिलं.

प्रकरण असं होतं. तानाजीराव आणि हौसाबाईंच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं होतात. त्यांच्या मुलीने, संचिताने, दोघांना क्रूझ भेट दिलेली. मुंबईहून निघायचं, तीन रात्री समुद्रात. शनिवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत टूरवाल्यांच्या ऑफिसात जाऊन केबिन निवडायची, नाहीतर ते देतील ती. आणि तानाजीरावांना हलणारं काहीही सोसत नव्हतं. एसटी नाही, टॅक्सी नाही, झोपाळा नाही. जत्रेतला पाळणा लांबून पाहिला तरी ते पहिली लिंबूवाली गाठायचे.

“मग वहिनींना सांगून टाका,” भिवा म्हणाला.

“चाळीस वर्षं लपवलंय रे! महाबळेश्वरच्या वेळी ऑफिसात ऑडिट काढलं. गोव्याच्या वेळी मेहुण्याशी भांडण काढलं. काश्मीरच्या वेळी मणका सरकवला. दर वेळी ती बिचारी तिच्या बहिणीला, मंजुळाला घेऊन गेली आणि मी घरी बसलो, ती परत आल्यावर फोटो बघितले.” त्यांचा आवाज खाली आला. “सगळ्या फोटोंत तिच्या शेजारी मंजुळा आहे, धोंडीबाराव. एकदा तरी तिच्या शेजारी उभं राहून समुद्र बघायचाय. मला हलणार नाही अशी केबिन शोधून द्या. आणि हौसाला कळता कामा नये.”

“तुमचे फोन, मेसेज सुरक्षित आहेत ना?”

“एकदम. मला बारीक अक्षर दिसत नाही, हौसाच सगळे वाचून दाखवते.”

“उत्तम,” मी म्हणालो आणि त्यांनी आणलेला जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला.

“जहाज म्हणजे काय? पाण्यावरची बिल्डिंग. केबिन म्हणजे काय? वन आरके. आणि फ्लॅट कसा निवडावा हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवायची गरज नाही. खालचे मजले बाद. खाली पाणी शिरतं. इथे तर पाणी आधीच येऊन बसलंय. मधला फ्लॅट बाद, हवा खेळत नाही. लिफ्टशेजारचा तर कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. राहिलं काय? अकरावा मजला, अगदी पुढचा कोपरा, बाल्कनी, पूर्वेला तोंड.”

“जहाज वळलं की पूर्व मागे जाईल ना रे धोंड्या?”

“परतीला समोर येईल.”

“पण उंचावर जास्त हलणार नाही का?” तानाजीरावांनी भीत भीत विचारलं.

“लाटा कुठे असतात? खाली. तुम्ही कुठे? वर. लाटेला अकरा मजले चढून यायला कोण लिफ्ट देणार आहे?”

तानाजीरावांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आलं. नंतर कळलं की भिवाने पंखा लावला होता आणि ते घामाचं होतं.

तरी मी नुसत्या तर्कावर विसंबणारा माणूस नाही. गुरुवारी आम्ही ठाण्याला तलावपाळीवर जाऊन एक बोट घेतली. मी पुढच्या टोकाला बसलो, तानाजीरावांना मागच्या टोकाला बसवलं. भिवाला काही काम नव्हतं म्हणून तो काठावरून घेतलेली भेळ खात मधोमध फतकल मारून बसला.

बोट दहा-पंधरा फूट गेली असेल-नसेल, माझं अंतर्ज्ञान खडबडून जागं झालं.

“भिवा, गुन्हा! इथेच कुठेतरी! तो काठावरचा फुगेवाला बघ, नजर चोरतोय.”

“धोंड्या, तू हिरवा पडलायस.”

“झाडांचं प्रतिबिंब आहे.”

मागे तानाजीराव डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होते. दुसऱ्या ओळीपुढे ते काही जाईनात. प्रत्येक वेळी तोंड दाबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. भिवाने भेळ संपवली, कागद चाटला आणि अजून एक चक्कर मारू या का म्हणून विचारलं.

काठावर आल्यावर, एका बाकावर आडवा होऊन, मी निष्कर्ष काढला. बोट एक. माणसं तीन. दोघांच्या पोटात खळबळ, तिसरा मजेत. तिसऱ्यात आणि दोघांत फरक काय?

“मी मधे बसलो होतो,” भिवा म्हणाला.

“फरक भेळेचा आहे!” मी म्हणालो. सहायक मधे मधे बोलला की तपासाचा धागा तुटतो.

शुक्रवारी भेळेची चाचणी. डोंबिवलीच्या शेअर रिक्षात ड्रायव्हरला चिकटून अर्ध्या सीटवर मी, मागे कडेला तानाजीराव हातात दोन प्लेट भेळ घेऊन, दुसऱ्या कडेला एक अनोळखी गृहस्थ आणि मधे भिवा. पुढे जे घडलं त्याचं वर्णन मी करणार नाही. रिक्षावाल्याने केलं, त्यात माझ्या आईचाही उल्लेख होता. अनोळखी गृहस्थ पुढच्या चौकात उतरले, त्यांना तिथे उतरायचं नव्हतं. मधे बसलेला भिवा कोरडा ठणठणीत.

मी वहीत नोंद केली : चिंच कमी पडली.

तानाजीराव मात्र खचले. रस्त्याच्या कडेला उभं राहून बाटलीतल्या पाण्याने शर्ट धुता धुता म्हणाले, “जाऊ द्या, धोंडीबाराव. मी सांगतो तिला, पुन्हा मणका सरकला म्हणून. जाईल मंजुळाबरोबर. मला काय, फोटो बघायची सवय आहे.”

मला वाईट वाटलं. अंतर्ज्ञान नव्हे, नुसतंच वाईट. “उद्या पाच वाजता,” मी म्हणालो, “अकरावा मजला, पुढचा कोपरा तुमचा. शब्द आहे वाघचौरेचा.”

शनिवारी साडेचारला आम्ही तिघे टूरवाल्यांच्या डोंबिवलीतल्या ऑफिसात हजर. काउंटरवर रसिका नावाची चुणचुणीत मुलगी. दाराशी पुठ्ठ्याचं पुरुषभर उंचीचं नारळाचं झाड. तिने तानाजीरावांचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि म्हणाली, “काका, तुमची केबिन तर मंगळवारीच ठरलीय. चौथा मजला, बरोब्बर मधोमध, खिडकी नाही, लिफ्टशेजारी. एका माणसाची.”

तानाजीराव खुर्चीत बसले. खुर्ची फिरती होती, म्हणून लगेच उठले.

“आणि अकरावा मजला, पुढचा कोपरा?” मी गरजलो.

“ती पण त्याच दिवशी गेली. दोन बायकांनी घेतली.”

“तानाजीरावांची केबिन कोणी ठरवली?”

“फोनवरून ठरली. ओटीपी अगदी बरोबर सांगितला.”

मी तानाजीरावांना कोपऱ्यात घेतलं. “तुमचा ओटीपी कोणाकोणाला कळू शकतो?”

“कोणालाच नाही. हौसा काय ती वाचून दाखवते.”

“वहिनींना सोडा हो! बाहेरचं कोण?”

भिवाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याला हाताने गप्प केलं. धागे झपाझप जुळत होते. खिडकी नाही, म्हणजे बाहेरून कोणी बघणार नाही. एकच माणूस, म्हणजे साक्षीदार नाही. लिफ्टशेजारी, म्हणजे सामान पटकन हलवता येईल. “तानाजीराव,” मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, “घाबरू नका, पण तुमचं अपहरण होणार आहे.”

“माझं? कशाला?”

“ते अजून बाहेर आलेलं नाही. सोसायटीच्या पार्किंगवरून सेक्रेटरीशी वाजलं होतं ना तुमचं? त्याने या बायकांची टोळी लावलीय. एक वर कोपऱ्यातून टेहळणी करणार, दुसरी खाली येऊन तुम्हाला उचलणार.”

“एका माणसाची केबिन,” तानाजीराव स्वतःशीच पुटपुटले. अपहरणाचं त्यांना काहीच वाटलं नसावं. “म्हणजे हौसा नाही माझ्याबरोबर.”

“त्या बायका पाच वाजता कागद न्यायला येणारेत,” रसिका म्हणाली. “तुम्हीच विचारा ना.”

विचारणं ही सामान्य माणसाची पद्धत. मी नारळाच्या झाडामागे दबा धरला. पाचला पाच कमी असताना दार उघडलं, दोन जोडी चपला आत आल्या आणि मी झाडासकट झेप घेतली.

“हलायचं नाही! खेळ संपला!”

“धोंडीबा भावजी,” हौसाबाई म्हणाल्या, “आधी ते झाड नीट ठेवा. लोकांचं आहे.”

त्यांच्या मागे मंजुळाबाई उभ्या होत्या, डोक्यावर नवी कोरी गवती टोपी.

“अगं हौसा,” तानाजीरावांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला, “तू? तू केलंस हे?”

“मग दुसरं कोण करणार? संचिताला सांगूनच केलं मी.”

“पण तुला कसं कळलं की मला...”

“अहो, लग्नाची वरात साताऱ्याहून एसटीने आली. खंबाटकीच्या घाटात तुम्ही तोंड खिडकीबाहेर काढून बसलात, मला वाटलं लाजताय. खंडाळ्याच्या घाटात कळलं.”

रसिकाने टायपिंग थांबवलं होतं.

“म्हणजे महाबळेश्वरचं ऑडिट...”

“रविवारी असतं का ऑडिट? आणि काश्मीरच्या वेळचा मणका! मी टॅक्सीत बसले तर हे गॅलरीत दोन्ही हात वर करून, टाचा उचलून टाटा करतायत.”

“मग बोलली का नाहीस कधी?”

“दर उन्हाळ्यात नवीन कारण काढायचात. मला बाई उत्सुकता असायची, यंदा काय काढतात म्हणून. मी आणि मंजुळा पैज लावायचो.”

“गोव्याला मी जिंकले,” मंजुळाबाई म्हणाल्या.

या सगळ्यात मूळ रहस्य बाजूला पडत होतं. मी झाड भिंतीला टेकवलं आणि पुढे झालो. “वहिनी, पण चौथा मजला? मधोमध? ही जागा निवडण्यामागचं शास्त्र काय?”

“शास्त्र कसलं डोंबलाचं? लग्न झाल्यावर आम्ही दिवा स्टेशनजवळ राहायचो. नळाला पाणी नाही. टेम्पोतून पिंपं भरून आणायची. पिंप मागच्या चाकावर ठेवलं की निम्मं रस्त्यात. पुढे ठेवलं तर ब्रेक मारला की ड्रायव्हरच्या मानेवर. खाली, बरोब्बर मधे ठेवलं की काठोकाठ घरी.” त्यांनी तानाजीरावांकडे बघितलं. “आमच्या ह्यांचं पोट म्हणजे झाकण नसलेलं पिंप आहे. कुठे ठेवायचं ते मला नको का कळायला?”

भिवाने माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

“पण मला एकट्याला खाली ठेवलंस,” तानाजीराव म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की आम्ही तिघे-चौघे आपोआप पुढे वाकलो. “मला तुझ्या शेजारी उभं राहून समुद्र बघायचा होता, हौसा. म्हणून तर या धोंडीबाच्या नादी लागलो. दोन शर्ट गेले माझे.”

पर्समधून आवळा सुपारीची डबी काढून हौसाबाईंनी तानाजीरावांच्या हातावर दोन तुकडे ठेवले.

“मला हललेलं आवडतं,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षांनी बाल्कनी मिळतेय, ती काय मी तुमच्या तोंडाशी पिशवी धरून घालवू? आणि लिफ्टशेजारची खोली उगाच घेतली का? पोट शांत असेल तेव्हा वर यायचं. नसेल तेव्हा हाक मारा, मी खाली येईन. मंजुळा जेवायला गेली की बाल्कनी आपली.”

“मी कुठे जेवायला जाते? माझं डाएट आहे,” मंजुळाबाई म्हणाल्या.

“जाशील. तिथे दिवसातनं पाच वेळा वाढतात.”

मंजुळाबाईंनी टोपी सारखी केली. “पाच वेळा?” त्यांनी रसिकाला विचारलं. रसिकाने सहा बोटं दाखवली. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मेन्यू मागितला.

अशा तऱ्हेने हे गुंतागुंतीचं प्रकरण मी निकालात काढलं. वहीत नोंद केली. गुन्हेगार : सौ. हौसाबाई शिंगटे. गुन्हा : चाळीस वर्षं सगळं ठाऊक असणे. पुरावा : आवळा सुपारी.

बाहेर आलो तेव्हा भिवाने रिक्षा थांबवली होती. तानाजीराव सवयीने दोन पावलं मागे सरले.

“आम्ही चालत येतो,” हौसाबाई म्हणाल्या. “ठाकुर्ली काय लांब आहे? आणि धोंडीबा भावजींना मधे बसव गं मंजुळा, आत्ताच पिवळे पडलेत.”

ते दोघे निघाले. फुटपाथ अरुंद, त्यातून भाजीवाले, मोटरसायकली. तरी शेजारी शेजारीच चालले होते. तानाजीराव तोंडातली सुपारी चघळत काहीतरी सांगत होते आणि हौसाबाई हसत होत्या. बहुधा रिक्षातल्या भेळेबद्दल असावं.

मी एका बाजूला भिवा, दुसऱ्या बाजूला मंजुळाबाई असा मधे बसलो. रस्ता नेहमीसारखाच खणलेला होता आणि रिक्षावालाही कालचाच निघाला. पण नवलाची गोष्ट अशी की ठाकुर्ली येईपर्यंत माझ्या पोटात एकदाही ढवळलं नाही.

याचा अर्थ उघड होता. त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर एकही गुन्हा घडला नाही.