वर चढा, खाली झोपा

नियोजनात माझा हात धरेल असा माणूस आमच्या ऑफिसात नाही, बिल्डिंगमध्ये नाही आणि माझ्या सासरी तर नाहीच नाही! त्यामुळे उंच डोंगरांमधल्या एका नदीच्या खोऱ्यात तंबू ठोकून राहायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला स्पष्ट सांगितलं, "तू फक्त पाय चालव. डोकं मी चालवतो."

"म्हणजे सगळं काम मलाच," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून तिला अशा जागी जायचं होतं, जिथे फोनला रेंज नाही आणि नातेवाइकांना वाट माहीत नाही. पण दर वर्षी काहीतरी निघायचं आणि आमची सुट्टी सासूबाईंच्या घरचे पडदे धुण्यात जायची. यंदा साहेबांच्या हातापाया पडून मी रजा मिळवली होती. ती हुकली की पुन्हा पडदेच.

मी तयारीला लागलो. नदीचं पाणी उकळून प्यायचं, तंबू काठापासून लांब लावायचा, कारण उन्हानं बर्फ वितळलं की दुपारनंतर पाणी चढतं, हे सगळं मला तोंडपाठ झालं. दोन्ही सॅक मीच भरल्या. घराच्या दोन्ही किल्ल्या बायकोच्या सॅकच्या तळाशी, लोकरीच्या मोज्यात घातल्या. आमचं दार नुसतं ओढलं की बंद होतं. मग परत येईपर्यंत किल्ली लागतेच कशाला?

राहिला प्रश्न विरळ हवेचा. त्यावर गिर्यारोहकांचा नियम आहे. दिवसा वर चढायचं आणि रात्री खाली उतरून झोपायचं. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. मी रविवारी पाठीवर सॅक घेऊन गच्चीपर्यंत चढउतार केली आणि झोपायला पार्किंगमध्ये उतरलो.

"तूही चल," मी बायकोला म्हणालो.

"खाली डास आहेत," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

सकाळी पहिल्या मजल्यावरच्या काकू फिरायला निघाल्या, तेव्हा मी दोन स्कूटरांच्या मधे स्लीपिंग बॅगेत पडलो होतो.

"अरे, इथे कसा तू?"

"वर झोपलं की त्रास होतो हो काकू," मी शास्त्रीय माहिती दिली. "सुरुवातीला जड जातं. मग हळूहळू सवय होते."

काकूंचे डोळे भरून आले. "होते रे बाबा. आमच्या ह्यांनाही झाली."

काकूंना कळलं म्हणजे गावाला दवंडी पिटल्यासारखंच. संध्याकाळी ऑफिसातून येतो, तर जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी माझी वाट पाहत उभे होते. "आधी माफी मागून टाका," ते हळूच म्हणाले. "कशाबद्दल मागितली ते नंतर विचारायचं. मी तसंच करतो."

घरात सासूबाई येऊन बसल्या होत्या. पराचा कावळा होतो हे ऐकलं होतं. आमच्याकडे तो बॅग घेऊन मुक्कामालाच आला होता. मी बायकोला आत ओढलं. "तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? नवरा डोंगराची सवय व्हावी म्हणून पार्किंगमध्ये झोपतो? त्यापेक्षा आमचं भांडण झालंय हे ऐकायला बरं वाटतं."

 

जावयाला समजावणं आपल्या आवाक्यातलं नाही, असं वाटून सासूबाईंनी थेट माझ्या साहेबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुढ्यात माझा रजेचा अर्ज होता.

"उंच कडे, खोल दरी, वाहती नदी," ते म्हणाले. "आणि तिथे भांडण झालेले नवरा-बायको, दोघंच! उद्या काही झालं, तर रजेवर सही कोणाची?"

"पण साहेब, भांडण झालेलंच नाही."

"सगळे असंच म्हणतात. मीही म्हणतो." आणि त्यांनी रजा रद्द केली.

मला खरोखर रडू आलं. बायकोलाही वाईट वाटलं असावं, कारण जेवताना तिनं न मागता माझ्या भातावर तूप वाढलं. मग म्हणाली, "तिकिटं आहेतच, तर वाया कशाला घालवायची? आईला नेते."

ज्यांच्यापासून लांब पळायचं म्हणून खोरं शोधलं, त्याच माझी सॅक पाठीला लावून आणि माझा तंबू काखोटीला मारून निघाल्या. वर स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "तुम्ही आता मोकळेच आहात. तेवढे पडदे बघा."

बायकोची सॅक टॅक्सीपर्यंत मीच नेऊन दिली आणि तसाच ऑफिसला गेलो. संध्याकाळी परत आलो. दार, अर्थातच, ओढलेलं होतं. मी बायकोला फोन लावला. रेंज नव्हती. जागा मीच निवडली होती आणि अगदी अचूक निवडली होती!

काकू जिन्यात आल्याच. "पुन्हा?" असं म्हणून त्या उशी आणायला वळल्या, तेवढ्यात मी पळ काढला.

सध्या मी सासूबाईंच्या घरी आहे. पडदे भिजत घातलेत. घर तळमजल्यावर आहे, त्यामुळे खाली झोपायचा नियम तेवढा पाळला जातोय.