कोऱ्या कागदावरची मिशी

सदतीस वर्षं मी मुलांना शिकवलं आणि त्यांना एकच मंत्र दिला: ‘आधी वाचा, मग हात लावा!’ त्यामुळे कागद सांभाळावेत तर मीच, याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

म्हणूनच सूनबाई म्हणाली, "बाबा, परदेशातून माझं एक पाकीट येईल. प्रयोगशाळेत टपाल आठ-आठ दिवस पडून राहतं, म्हणून घरचा पत्ता दिलाय. जपून ठेवाल ना?" तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "अगं, डोळ्यांत तेल घालून जपतो!"

सूनबाईचा विषय रेणवीय जीवशास्त्र. बऱ्याच देशांनी मिळून चालवलेली एक संस्था आहे. ती तरुण शास्त्रज्ञांना एकमेकांच्या प्रयोगशाळांत शिकायला पाठवते. दोन वर्षं अर्ज करकरून सूनबाईने त्या संस्थेची कार्यशाळा आपल्याकडे आणली होती. पाच देशांतले बारा जण येणार आणि शिकवणार कोण, तर आमची सूनबाई! सोमवारपासून!

शुक्रवारी दुपारी पाकीट आलं. आत एक इंग्रजी पत्र आणि एक जाडसर कोरा कागद. त्यावर पेन्सिलीने काढलेलं फिकट वर्तुळ, बस्स. पत्रावर मी तारीख टाकली, दोन भोकं पाडली आणि ते फाइलला लावलं. आता कोरा कागद वाया घालवणं काही माझ्या रक्तात नाही! निवृत्तीनंतरही गल्लीतली मुलं माझ्याकडे शिकायला येतात; ती आली तेव्हा तो मी प्रश्नचिन्हाला दिला.

प्रश्नचिन्ह म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यांची आठ वर्षांची लेक. ‘का?’ विचारल्याशिवाय ती शिंकतसुद्धा नाही.

"आजोबा, याचं काय करू?"

"वर्तुळ आयतं मिळालंय. कर काहीतरी."

संध्याकाळी सूनबाई आली. मी ऐटीत फाइल पुढे केली. तिने पत्र वाचलं, फाइल उलटीपालटी केली.

"बाबा, दुसरा कागद?"

"तो कोरा?"

"कोरा नाही हो! त्या वर्तुळात डीएनए आहे!"

"छे! मी चष्मा लावून पाहिलं होतं."

"दिसत नाही तो! थेंबभर वाळवून पाठवतात. वर्तुळ कापून पाण्यात भिजवलं की उतरतो. पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय! सोमवारचा सगळा प्रयोग त्याच्यावरच आहे, आणि दुसरा मागवला तर पंधरा दिवस लागतील." तिने फाइल मिटून ठेवली. "दोन वर्षं, बाबा..."

रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी उजव्या पायातली चप्पल डाव्यात घालून सलूनकडे धावत सुटलो. मागून सूनबाई ओरडत होती, "पाणी लागलं तर संपलं सगळं!"

सलूनमध्ये शिरतो तर काय! कागद आरशावर चिकटवलेला. वर्तुळाला चष्मा, झुपकेदार मिशी आणि दोन्ही बाजूंना सुपाएवढे कान. म्हणजे मीच! आणि कागदापासून हातभर अंतरावर प्रश्नचिन्हाचे बाबा एका गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारताहेत!

"थांबा! पाणी थांबवा!"

गिऱ्हाईक खुर्चीतून वीतभर उडालं.

"काय झालं गुरुजी? आग लागली?"

"आग लागली असती तर पाणी थांबवा म्हणालो असतो का!"

"मग मिशी आवडली नाही का? पोरगी म्हणाली, हुबेहूब आलीय."

तेवढ्यात सूनबाई हातमोजे चढवत आली. "बाळा, हे वर्तुळ मला देशील?"

"का?"

"यात एक निरोप आहे. तो जंतूंना दिला की ते हिरवे चमकायला लागतात."

"का?"

"तो निरोप मुळात एका चमकणाऱ्या जेलीफिशचा आहे."

"मग मीपण बघायला येणार!"

"ती मोठ्यांची कार्यशाळा आहे गं."

"मग आजोबांचं तोंड कापू देणार नाही!"

माझ्या तोंडाला एवढा भाव उभ्या आयुष्यात आला नव्हता. शेवटी सूनबाईने मान डोलावली. सलूनमधली सगळ्यात धारदार कात्री निघाली, स्पिरिटने पुसली गेली आणि मिशीसकट माझा चेहरा डबीत गेला. आरशावर राहिले दोन कान आणि मधे भोक.

"गुरुजी," गिऱ्हाईक म्हणालं, "आता तुम्ही फक्त ऐका!"

सोमवारी माझा चेहरा पाण्यात भिजला आणि ते पाणी जंतूंना दिलं गेलं. त्यातून काही उतरेल का, सूनबाईलाही खात्री नव्हती. मंगळवारी मी प्रश्नचिन्हाला घेऊन प्रयोगशाळेत गेलो; खोलीत अंधार करून सूनबाईने निळा दिवा लावला, आणि बशीत हिरवे ठिपके लखलखले! बारा जणांनी टाळ्या वाजवल्या. सूनबाईने माझ्याकडे बघून ओठांवर मिशी असल्यासारखी बोटं फिरवली. प्रश्नचिन्हाने ‘का?’चा सपाटा लावला. पाच देश एकदम उत्तरं देऊ लागले आणि सूनबाई मराठीत सांगता सांगता घामाघूम झाली.

महिन्याभराने त्याच संस्थेचा शिक्का असलेलं आणखी एक पाकीट आलं. सूनबाई तेव्हा परगावी गेली होती. पण आता मी शहाणा झालो होतो! हातमोजे घातले, पाकीट न उघडता प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि थेट फ्रीजरमध्ये ठेवलं! दहा दिवस घरात कुणाला बर्फसुद्धा काढू दिला नाही.

सूनबाई परत आली. प्रश्नचिन्हाच्या देखत तिने पिशवीवरचा बर्फ झटकला आणि पाकीट उघडलं. आत बारा जणांच्या सह्यांचं, गारठून ताठ झालेलं प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीसाठी!

"आजोबा, माझं प्रमाणपत्र बर्फात ठेवलंत? का?"

मी पाकीट हातात घेतलं. वर टपोऱ्या अक्षरांत तिचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘लगेच द्यावे.’

"आजोबा," प्रश्नचिन्ह कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी काय करायचं असतं?"

सदतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं उत्तर मी पहिल्यांदाच विद्यार्थ्यासारखा हात वर करून दिलं: ‘आधी वाचायचं, मग हात लावायचा!’