धाकट्यापासून सुरुवात

घरमालकीणबाई पाच वाजता येणार होत्या आणि ट्रॉम्बोन अजून न्हाणीघरात मावत नव्हता.

"तिरका घाला," बायको म्हणाली.

"तिरकाच घातलाय. नळाला अडकतोय."

"मग जरा मागे घ्या. आणि घाम पुसा, चोरी करून आल्यासारखे दिसताय."

मिस्त्रींनी घाम पुसला. पण दिसणं काही बदललं नाही, कारण मनात तेच होतं. मिस्त्री बँडची वाद्यं दुरुस्त करायचे. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे पोचे ठोकून काढायचे, अकॉर्डियनच्या भात्याला ठिगळ लावायचे, आणि काम संपलं की वाद्य नीट वाजतंय का ते वाजवून बघायचे. घोडं अडायचं ते या शेवटच्या कामापाशी. राहती इमारत पाडायची ठरली होती, महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, आणि मिस्त्री जिथे घर बघायला जात तिथे पहिला प्रश्न एकच, तुम्ही काय करता? खरं उत्तर दिलं की समोरच्याला अचानक आठवायचं, घर तर आपण मेव्हण्याला कबूल केलंय. गावातल्या इतक्या लोकांना मेव्हणे असतील असं मिस्त्रींना वाटलं नव्हतं.

म्हणून या बाईंकडे त्यांनी नुसतं "दुरुस्तीचं बारीक काम आहे" असं सांगितलं. बाईंना वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. भिंतींना ताजा रंग होता, उजेड भरपूर होता, आणि बाईंची पहिली अट होती शांतता. "बारीक काम म्हणजे घड्याळं का?" बाईंनी विचारलं. यावर मिस्त्रींनी मान अशी काही हलवली की तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर लावावा. बाईंनी घड्याळं असा लावला. पण किल्ली देण्याआधी माणूस राहतो कसा ते त्याच्या घरी येऊन बघायची त्यांची रीत होती, आणि आज त्या बघायला येणार होत्या.

आता हे दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर निभावून गेलं असतं. पण मिस्त्री पडले प्रार्थना करणारे. त्यांच्या घरात प्रार्थनेशिवाय कुणी चहाचा घोटही घेत नसे. धाकट्यापासून सुरुवात, मग टेबलाभोवती एकेकाने करायची आणि शेवटी मिस्त्रींनी. डोळे मिटायचे, मनात असेल ते खरं खरं बोलायचं आणि दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना मधे तोंड घालायचं नाही. पाहुण्यालाही यातून सूट नव्हती. मिस्त्रींची स्वतःची प्रार्थना ठरलेली असे. "प्रभू, माझ्या लेकरांना पैसा नको, नाव नको. त्यांना खरं बोलायची हिंमत दे." रोज हेच, अगदी कळवळून. बापाने काही मागताना जरा बेतानं मागावं. वरच्याने कधी मनावर घेतलं तर पंचाईत होते.

लेकरं दोन. थोरली नऊ वर्षांची, तिला घरात वकीलबाई म्हणत, आणि सहा वर्षांचा ढब्बू. मिस्त्रींनी दोघांना सोफ्यापुढे उभं केलं.

"घरमालकीण आजी येतील तेव्हा उगीच बडबड करायची नाही. विचारलं तरच बोलायचं."

"विचारलं तर खरं सांगायचं ना?" वकीलबाई म्हणाली.

"म्हणजे काय. खरंच सांगायचं."

"मग त्यांनी विचारलं, बाबा काय दुरुस्त करतात, तर?"

"तर तू गप्प राहायचं. मी सांगीन."

"तुम्ही खरं सांगाल ना?"

मिस्त्रींना एकदम आठवलं की अकॉर्डियन अजून उघड्यावरच आहे. ते घाईघाईने तिकडे गेले. बायकोने नवऱ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, आणि लग्नाला दहाबारा वर्षं झालेल्या माणसाला ते न बोलणं नीट ऐकू गेलं.

अकॉर्डियन सोफ्याच्या गादीखाली गेला. पट्टा तुटल्यामुळे त्याचा भाता उघडाच राहत होता, पण पट्टा शोधायला आता वेळ नव्हता. ट्यूबा, म्हणजे पितळेचा भला मोठा कर्णा, मात्र कुठेच जाईना. शेवटी तो तोंड खाली करून जमिनीवर ठेवला, त्यावर वकीलबाईने टेबलक्लॉथ पसरला आणि बायकोने फुलदाणी ठेवली. टेबल म्हणून तो बरा दिसत होता. एवढ्यात बेल वाजली.

बाई उंच, ताठ, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी चपला दाराशी सरळ रेषेत काढल्या. खोलीभर नजर फिरवली, खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि समाधानाने "हं" म्हणाल्या. मिस्त्रींच्या जिवात जीव आला. मग बाईंनी हातातली पर्स फुलदाणीशेजारी ठेवली. टेबलातून टण्ण असा आवाज आला आणि बराच वेळ घुमत राहिला.

"टेबल पितळेचं आहे का?"

"जुनं आहे," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी टेबलाकडे जरा वाकून बघितलं. "बसा ना," मिस्त्री घाबरून म्हणाले, आणि घाईत त्यांचं बोट गेलं ते नेमकं सोफ्याकडेच. "इथे नको, त्या खुर्चीवर," असं म्हणेपर्यंत बाई बसल्या. त्यांच्या खालून एक लांबलचक, दुःखी सूर निघाला. बाई चटकन उठल्या. उठताना भात्यात हवा भरली आणि तोच सूर उलटा, आत ओढल्यासारखा आला.

ढब्बूने गाल फुगवून तोंडावर हात दाबून धरला होता.

"सोफा जुना आहे," मिस्त्री म्हणाले. "स्प्रिंगा गेल्यात."

हे मात्र धडधडीत खोटं होतं, मान हलवण्याइतकं सोयीचं नव्हतं. वकीलबाईने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि मिस्त्रींना वाटलं की हिने रागावलेलं परवडलं असतं. आयुष्यभर ज्या मुलीला आपण एक गोष्ट शिकवली तिच्यासमोर आपण हे केलं. पण महिनाअखेरही दिसत होती.

"काय रे बाळ," बाईंनी ढब्बूला विचारलं, "बाबा घड्याळं दुरुस्त करतात तेव्हा तू मदत करतोस का?"

ढब्बूने तोंडावरचा हात काढला. मिस्त्रींनी श्वास रोखला.

"चहा निवतोय," बायको आतून म्हणाली. "सगळ्यांनी आत जेवणाच्या टेबलावर या बघू."

बुडत्याला हात मिळावा तसे मिस्त्री टेबलाकडे गेले. तिथे ढब्बू बसला, त्याच्याशेजारी वकीलबाई, मग बायको, मग बाई आणि शेवटी मिस्त्री. बिस्किटांची बशी मधे होती. बाईंनी बिस्कीट उचललं आणि ढब्बू म्हणाला, "आजी, आधी प्रार्थना."

मिस्त्रींच्या लक्षात आता आलं की आपण कुठून सुटून कुठे सापडलोय. "आज पाहुणे आहेत," ते म्हणाले. "आज मीच थोडक्यात करतो."

"पण सुरुवात धाकट्यापासून," वकीलबाई म्हणाली. "नियम तुमचाच आहे, बाबा."

"छान नियम आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बिस्कीट खाली ठेवून डोळे मिटले. आता कुणाच्या हातात काही राहिलं नाही.

"प्रभू येशू," ढब्बूने सुरुवात केली, "बिस्किटं दिलीस म्हणून तुझे आभार. आईला बरं ठेव. आणि अकॉर्डियनला काही होऊ देऊ नकोस, कारण तो आपला नाही, बँडवाल्या काकांचा आहे, आणि त्याच्यावर आजी बसल्या."

"आमेन," मिस्त्री जोरात म्हणाले.

"अजून माझं संपलं नाही, बाबा," ढब्बू डोळे न उघडता म्हणाला. "आणि न्हाणीघरातला ट्रॉम्बोन नळाखाली आहे, तर नळ गळू देऊ नकोस. आणि आम्हाला आजींचं घर मिळू दे. आमेन."

मिस्त्रींनी एक डोळा किलकिला करून शेजारी पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेलेच होते, पण भुवया वर गेल्या होत्या. मिस्त्री उठून जाऊ शकत नव्हते, बोलू शकत नव्हते. मधे तोंड घालायचं नाही, हाही नियम त्यांचाच होता.

वकीलबाईने घसा साफ केला. "प्रभू, बाबा वाद्यं दुरुस्त करतात हे तुला माहीतच आहे. घड्याळं करतात असं ते बोलले नाहीत, पण नाही असंही बोलले नाहीत. सोफ्याचं मात्र खोटं बोलले. त्यांनी हे आमच्यासाठी केलं, कारण खरं सांगितलं की आम्हाला कुणी घर देत नाही. टेबलक्लॉथ मी घातला. म्हणून शिक्षा करायची असेल तर अर्धी मला कर. आमेन."

अर्धी मला कर, हे ऐकून मिस्त्रींनी किलकिला डोळाही मिटून घेतला. घर गेलंच होतं. गेलेल्या घराचं दुःख करावं की या पोरीचा अभिमान धरावा हे त्यांना ठरवता येईना, आणि दोन्ही एकदम करायला गेल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"प्रभू, सांभाळून घे. आमेन," बायकोने आटपलं.

आता बाईंची पाळी होती.

"मला असं येत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "चर्चमध्ये पाळक बोलतात. आम्ही नुसतं आमेन म्हणतो."

"सोपं असतं, आजी," ढब्बू म्हणाला. "मनात असेल ते खरं सांगायचं. तेवढंच."

खुर्ची सरकवून त्या आता उठणार, चपला घालणार, आणि दार बंद होणार, याची मिस्त्री वाट बघत राहिले.

"प्रभू," बाई म्हणाल्या, "वरचा मजला गळतो. रंग मी मागच्या आठवड्यात लावून घेतला, डाग झाकायला. याआधीचे लोक त्या गळतीपायीच गेले, आणि मी सगळ्यांना सांगितलं की ते गोंगाट करत होते म्हणून मीच काढले." त्या थांबल्या. कुणी मधे बोललं नाही. "शांततेचं म्हणशील तर ती अट नुसती सांगायला आहे. खूप अटी घातल्या की लोकांना वाटतं घर चांगलंच असणार, मग ते छताकडे बघत नाहीत. खरं म्हणजे घरात आवाज नसला की घर खायला उठतं. मी दिवसभर रेडिओ लावून ठेवते, ऐकत काहीच नाही. आमेन."

राहता राहिले मिस्त्री. त्यांनी सवयीने सुरुवात केली, "प्रभू, माझ्या लेकरांना," आणि तिथेच अडकले. पुढचं रोजचं मागणं तोंडातून निघेना. पोरांनी ते मागणं आत्ताच, त्यांच्यासमोर, पुरं करून टाकलं होतं.

"प्रभू," ते शेवटी म्हणाले, "लेकरांचं काम झालेलं दिसतंय. आता मला घे दुरुस्तीला. आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडले. कुणीच कुणाकडे नीट बघेना. बाईंनी गार झालेला चहा उगीचच ढवळला.

"अजून घर हवंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. बायकोने वकीलबाईकडे. हे प्रकरण आता कुणाच्या हातात आहे ते तिला बरोबर कळलं होतं.

"आजी, गळतं कुठल्या खोलीत?" वकीलबाईने विचारलं.

"मागच्या. तुम्हा मुलांना द्यायची असं तुझी आई म्हणत होती ना, त्याच खोलीत. पण पलंगावर काही नाही पडत, जरा बाजूला पडतं." बाईंनी कप खाली ठेवला. ढब्बू त्यांच्याकडे टक लावून बघत होता. "बरोबर पलंगावर पडतं," त्या म्हणाल्या.

वकीलबाईने थोडा विचार केला.

"पलंग सरकवता येईल," ती म्हणाली, आणि तिने बिस्किटांची बशी आजींच्या पुढे केली.