पाणी कुणाचं ते सांगणारी खिडकी

ज्या दिवशी मी जावा या संगणकाच्या भाषेतला 'बॉर्डर लेआउट' शिकवला, त्या दिवशी नारायण आप्पांनी टेबल फिरवलं. कॉम्प्युटरसकट! वायरी ताणल्या, माउस लोंबकळला, शेजारच्या मुली किंचाळत उठल्या. तोंड नीट सातपुड्याकडे झाल्यावरच आप्पांनी बूड टेकलं.

चूक माझीच. मी सांगितलं होतं की, पडद्यावरच्या खिडकीचे पाच भाग असतात; वरचा नॉर्थ, खालचा साउथ, बाजूंचे ईस्ट आणि वेस्ट, मधला सेंटर. आप्पांनी ते शब्दशः घेतलं.

"ताई, उत्तर मन्ही पाठमांगे शे. मी समोर उत्तर कसं लिखू? खोटं लिखनं माले जमत नही."

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी बघत ज्याचा जन्म गेला, त्याच्याशी दिशांवरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हापासून आमच्या शहाद्याच्या क्लासमध्ये एक टेबल कायम वाकडं असतं.

आप्पा साठी ओलांडलेले. तापीकाठी केळी आणि कापूस. डोक्यावर टोपी, आणि तोंडात सदा एकच वाक्य, "दखू तं खरं!" जावा कशाला शिकायचंय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. धाकट्या भावाशी, रतनशी, वाटण्या झाल्या. शेतात बांध पडला. विहीर मात्र सामाईकच राहिली. आज पाणी कुणाचं, यावरून दोघांची जुंपली आणि बोलणं बंद झालं.

"मग कागदावर लिहून लावा की विहिरीवर," मी म्हटलं.

"कागदवर लिखं तं रतन म्हनी, तूच लिखेल शे. यंत्र कोना बाजूनं ऱ्हास नही."

म्हणून हा खटाटोप. आप्पा एका बोटाने टाइप करत. दुसरं बोट हवेत उभं, जणू चुकलं तर त्याला रागवायला. अर्धविराम राहिला की पडद्यावर लाल रेघा येत. आप्पा त्यांना "मिरच्या वाळत घाल्यात" म्हणत आणि एकेक वेचायला बसत. मी मदतीला वाकले की हात आडवा. "थांब, दखू तं खरं!" गावाकडची एसटी निघून जाई, दुसरी लागे, चूक सापडल्याशिवाय हा माणूस उठत नसे. मला अशा हट्टी माणसांचा राग येतो. आप्पांचा यायचा, पण टिकायचा नाही.

मग सेंटरचा घोटाळा झाला. आप्पांनी मधोमध दोन नावं टाकली; नारायण आणि रतन. ज्याचं पाणी त्याचं नाव हिरवं होणार होतं. चालवून बघितलं तर एकटा रतन!

"मी कोठे गया?"

त्यांनी क्रम उलटा केला. आता नारायण दिसला आणि रतन गायब. आप्पांचा चेहरा पडला. मी समजावलं, सेंटरमध्ये एकच वस्तू मावते. दुसरी टाकली की पहिली दिसेनाशी होते.

"एक घरमा दोन भाऊ मावतस नही? कोनी करेल शे हाई कायदा?"

ते इतके तापले की मला हसूच आवरेना. मग मी पॅनल, म्हणजे वस्तू मांडायची रिकामी चौकट, दाखवलं. सेंटरमध्ये एक पॅनल ठेवायचं आणि दोघांना त्या पॅनलवर बसवायचं.

"मंग हाई खाट शे! आसं सांग ना!"

खाट टाकली, दोन्ही भाऊ शेजारी शेजारी बसले. खाली बटण आलं. दाबलं की एक नाव हिरवं होई, दुसऱ्या दिवशी दुसरं.

मला कुठे थांबावं ते कळत नाही. मी म्हटलं, "आप्पा, यात आठवडाभराचं पाणी एकदम दाखवता येईल. रतनभाऊंना मोबाइलवर फोटो पाठवून द्या, म्हणजे रोज तुमच्या घरी येऊन बघायला नको."

आप्पा एकदम हळू आवाजात म्हणाले, "नको ताई. आठ दिवसनं एकदम दखाडं तं तो आठ दिवस येवाव नही."

मी गुपचूप 'सेव्ह' दाबलं.

क्लासमधला एक जुना कॉम्प्युटर मी स्वतः जाऊन त्यांच्या ओट्यावर जोडून दिला. यंत्राची बातमी आप्पांनी आधीच गावभर केली होती. वायरी लावल्या, आप्पांनी बटण दाबून बघितलं, आणि तेवढ्यात रतनभाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. आत येईनात. अबोल्यातली माणसं बोलतात तसं, कुणाचंच नाव न घेता त्यांनी हवेत विचारलं,

"आज पानी कोनं शे?"

पडद्यावर 'रतन' हिरवागार झालेला होता. आप्पांनी झटकन ती खिडकी बंद करून पुन्हा कोरी उघडली.

"माले काय माहीत! आठे यीसनी तूच बटन दाब."

रतनभाऊंनी फाटक ढकललं. मग त्यांनी ओट्याखाली चपला काढल्या.