अप्पांची मीनू

गळ्यात लिंग आणि हातात गळ, असा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी रोज पाहतो. आमचे शेजारी गुरसिद्धअप्पा. उमरग्यात भुसार मालाचं दुकान, घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं आलेलं नाही, आणि हा गडी पहाटे उठून गावाबाहेरच्या तलावावर मासे पकडतो. पकडतो आणि सोडून देतो! मी मासे खाणारा, भिंतीला भिंत लावून राहणारा, पण उभ्या जन्मात त्यांच्या गळाला लागलेल्या माशाचा एक काटा माझ्या ताटात पडलेला नाही. काय करायची असली मैत्री?

"अप्पा, एवढा मोठा रोहू! हा तरी द्या की," म्हटलं की ठरलेलं उत्तर: "कंडक्टर, पावणा आला, भेटला, गेला. पावण्याला कुनी कापतंय व्हय?"

मी एसटीत होतो, रिटायर झालो, तरी त्यांच्यासाठी कंडक्टरच.

अप्पांचा गळसुद्धा शाकाहारी. गांडूळ म्हटलं की "शिव शिव शिव!" करून कानाला हात लावतात. आमिष म्हणजे कणकेची गोळी, त्यात गूळ आणि चिमूटभर हिंग. दुकानात आयुष्य गेलेलं, त्यामुळं तलावावरही भाषा गल्ल्यावरचीच. मासा नुसता गोळीला ढोसून गेला की "भाव इचारून गेलं." दोरीला बांधलेला ज्वारीच्या धाटाचा तरंगता तुकडा बुडाला की "बोहनी झाली!" आणि सल्ले तर फुकट. पांढरा शर्ट घालून पाण्यावर येऊ नये. सावली पाण्यात पाडू नये. आणि घाई तर अजिबात नको. "घाई माशाला न्हाय, मला न्हाय. तुम्हालाच कुठली गाडी सोडायची हाय?" बोललो की गप्प बसवतात. वर हे ऐकून घ्यायला मी पहाटे उठायचं!

घरी मात्र सांगतात, मठात जातो. त्यांची बायको होती तोवर तिला सगळं ठाऊक होतं. नाक मुरडत का होईना, कणीक तीच मळून द्यायची. ती गेल्यापासून अप्पा सुनेच्या परातीतनं लिंबाएवढा गोळा गुपचूप उचलतात. सून शुभांगी, भूम तालुक्यातल्या ईटची. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारी.

"तिला कळलं तर माजं तळं सुटंल," अप्पा एकदा काकुळतीला येऊन म्हणाले. "घरात मन रमत न्हाय ओ. एवढंच उरलंय. तुम्हाला येडाईची आन हाय."

आता येडाईसारख्या देवीची आण म्हटल्यावर माझं तोंड शिवलंच.

भानगड केली ती कानडीनं. अप्पा रोज सकाळी परसात उभं राहून सीमेपलीकडच्या आळंदच्या मेव्हण्याला फोनवर कानडीत बातमी देतात. कानडीत माशाला म्हणतात मीनु, आणि फार छान आहे म्हणजे 'भाळ छलो अद'. निम्म्या उमरग्याला हे कळतं. ईटच्या पोरीला कुठनं कळणार? अप्पा खुशीत ओरडले, "मीनु भाळ छलो अद!" आणि चुलीपाशी शुभांगीनं ऐकलं, "मीनू... चलो!"

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"काका, खरं सांगा. ही मीनू कोण?"

मला चहाचा ठसका लागला.

"मामा रोज फोनवर मीनू मीनू करतात. परातीतली कणीक रोज कमी होतीय. तिला पोळ्या नेऊन देत असतील, दुसरं काय? आता तर चलो म्हणायलेत. कुठं चलो, काका?"

हसू दाबत मी कप खाली ठेवला. सांगावं तर आण, न सांगावं तर म्हाताऱ्याची अब्रू! शेवटी म्हटलं, "पोरी, उद्या सकाळी तलावावर ये. डोळ्यानंच बघ." म्हटलं खरं, पण रात्रभर जिवाला घोर. अप्पांचं तळं आता सुटतंय, आणि सोडवणारा मी!

सकाळी ती आली. हातात भली मोठी पिशवी. नेमकी त्याच वेळी चिलापी मासळी लागलेली, आणि अप्पा गळ ओढून उभे. सुनेला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक.

"मामा, मीनूताई कुठायत?"

अप्पांना काही उमगेना. मीच पुढं झालो. "अगं, कानडीत माशाला मीनु म्हणतात! ती बघ त्यांच्या हातात. फडफडायलीय!"

शुभांगीनं त्या चिलापीकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता भडका. पण ती मटकन खाली बसली आणि तिच्या हातातली पिशवी कलंडली. आतनं हिरवी साडी, खण, नारळ.

"हे काय गं?" अप्पांनी विचारलं.

"ओटी भरून घरात घ्यायची होती तिला," ती खाली मान घालून म्हणाली. "ह्यांचीबी समजूत काढली मी. म्हटलं, आत्या गेल्यापासनं मामा एकटे पडलेत. कुणाचं का होईना, येऊ दे की माणूस."

आयुष्यभर लोकांना तिकिटं दिली, पण असलं माणूस माझ्या गाडीत बसलं नव्हतं. अप्पांनी चिलापी पाण्यात सोडली. हात धुतले, परत धुतले. मग तिच्यापासून हातभर अंतरावर बसले.

"मला वाटायचं, म्या घरात हाय का न्हाय, हे कुनाच्या ध्यानातबी नसंल."

"अन् ताटात रोज अर्धी भाकर सोडता, ती कोण बघतंय?" शुभांगी फणकाऱ्यानं म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.



"आजपासनं अख्खी खाईन, बाई," अप्पा म्हणाले.