नवलपूर-निंबखेडे प्रकरणी वाटीची हकीकत

ऐक, नुसतं ऐक, मधे काही बोलू नकोस, चहा गार झाला तर दुसरा सांगू. श्रीवास्तुदेवता प्रसन्न. जिने माणसाला चार भिंती दिल्या तिला नमस्कार, आणि भिंतीपलीकडे कोण राहील हे जिने आधी कधी सांगितले नाही तिलाही नमस्कार असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपद मासी, कोण्या एका राज्यात राजेश्री सारंगराव टिपणीस, वय एकोणचाळीस, भाड्याच्या दोन खोल्यांचे ठाणे राखून होते, आणि त्यांसवे राणीसाहेब ऋजुताबाई, आणि मग जाहले काय की घरमालकाच्या चिरंजीवांचे लग्न ठरले आणि मालकाचा खलिता आला की दिवाळीच्या आत ठाणे खाली करावे, सूनबाईंना जागा पाहिजे. आता घर सोडणं, घर घेणं, हे सगळ्यांनाच करावं लागतं, त्यात बखर लिहिण्यासारखं काय, असं तू म्हणशील. पण सारंगरावांच्या मातोश्री इंदुमतीबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, दूर तालुक्याच्या गावी एकट्या राहत होत्या, थोरले महाराज कैलासवासी होऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्याच ज्येष्ठात मातोश्री न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि सकाळपासून दुपारी बारापर्यंत फरशीवरच राहिल्या, आणि मग शेजारच्या शकूताईंनी माणसं जमवून दार फोडविले. सारंगराव त्या वेळी कचेरीत मसलतीला बसले होते, फोन उलटा ठेवलेला, आणि सुलटा केला तेव्हा शकूताईंचे अकरा फोन येऊन गेले होते. ते अकरा त्यांच्या डोक्यातून काही जाईनात. मग त्यांनी पण केला की आता घर घेईन ते मातोश्रींना घेऊन राहण्यासाठीच. मातोश्री म्हणाल्या, येईन, पण घर आधी मी बघेन, मला पटलं तर येईन, नाही तर इथं माझं बरं चाललंय. काय पटलं पाहिजे, ते काही बोलल्या नाहीत, आणि सारंगरावांनीही विचारिले नाही, कारण त्यांना वाटले आपल्याला ठाऊकच आहे.

तर त्या राज्याच्या वेशीबाहेर दोन पेठा होत्या, मधे एक ओढा आणि त्यावर एक गाडी जाईल एवढाच पूल. अलीकडे निंबखेडे, जुने, चार मजली इमारती, खाली पिठाची गिरणी, पाणी एक दिवसाआड. पलीकडे नवलपूर, वीस-वीस मजल्यांचे बुरूज, उद्वाहक तीन-तीन, दवाखाना दरवाजासमोर, चोवीस तास पाणी. सोपं आहे ना? सारंगरावांनाही सकाळी सोपं वाटायचं. सकाळी ते नवलपूरचे होत, आणि संध्याकाळपर्यंत कुणी तरी सांगे की तिकडे अर्ध्या घरांना कुलूप असतं, मग ते निंबखेड्याचे होत, आणि जेवताना निंबखेड्याचे जिने आठवले की घास हातात राही आणि पुन्हा नवलपूर. असे एका पंधरवड्यात अकरा वेळा फितूर झाले. दोन्ही पेठांत एकेक घर हेरून ठेविले होते, दोन्ही दरबारांचा वकील मोरेश्वर नावाचा एकच दलाल होता, आणि तो पुलाच्या त्या टोकाला म्हणे की साहेब, नवलपूरसारखी वस्ती नाही, ओढ्यापलीकडे माणसं राहतात तरी कशी, आणि पूल ओलांडला की तेच वाक्य पेठ बदलून म्हणे, चेहरा तोच. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात घर बघू नये हे सारंगराव पाळत, म्हणून त्यांनी बघितले नाही, फक्त गाडीतून न उतरता दोन्ही इमारतींवरून चार-चार चकरा मारिल्या. ऋजुताबाई म्हणाल्या, माझ्या वेळीसुद्धा तुम्ही दोन वर्षं असेच आमच्या गल्लीतून चकरा मारत होतात, शेवटी मीच विचारलं म्हणून लग्न झालं. यावर सारंगराव गच्चीवर जाऊन येरझाऱ्या घालू लागले, आणि राणीसाहेबांनी मातोश्रींना फोन लाविला की आई, आता तुम्हीच या.

मग खंडेनवमीच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी दसरा, दोन्ही मालकांना दसऱ्याला शब्द द्यायचा ठरलेला, अशी वेळ गळ्याशी आलेली असताना मातोश्रींची स्वारी आली. नऊवारी नव्हे हो, साधी सुती साडी, हातात काठी, खांद्याला पिशवी. गाडीला झेंडूचा हार घातला होता तो तसाच ठेवून सगळे नवलपुरी गेले. दहावा मजला. मातोश्रींनी ओटा बघितला, न्हाणीघर बघितले, तिथे भिंतीला धरायची दांडी बसवता येईल हे सारंगरावांनी दोनदा दाखविले, मातोश्री दोनदा बरं म्हणाल्या. मग त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली एक स्टीलची वाटी काढिली आणि कोणाला काही न सांगता बाहेर जाऊन शेजारचे दार वाजविले. दार साखळीएवढेच उघडले, आत एक मुलगी, कानात ते ऐकायचे बोंडूक, आणि मातोश्री म्हणाल्या, विरजण आहे का गं घरात, चमचाभर. मुलगी बिचारी गोंधळली, उद्धट नव्हती, म्हणाली, आजी, दहीच मागवा ना, दहा मिनिटांत येतं, मागवून देऊ का? मातोश्री नको म्हणाल्या आणि दुसरे दार वाजविले, तिथे कोणी नाही, तिसरे वाजविले, तिथे आतून टीव्हीचा आवाज येत होता तो बंद झाला, बस. आणि मग खालच्या चौकीवरून मोरेश्वराला फोन आला की दहाव्या मजल्यावर कोणी बाई दारं वाजवतायत अशी तक्रार आहे. सारंगरावांचे कान तापले. आणि इथे त्यांनी काय केलं माहितीये, ते धावत खाली गेले, समोरच्या दुकानातून अर्धा किलो दही घेतले आणि वर येऊन मातोश्रींच्या हाती दिले, म्हणाले, आई, दही हवं तर मला सांगायचं, असं दारोदार काय फिरतेस. मातोश्रींनी ते दही बघितले, मग लेकाकडे बघितले, आणि पिशवीत ठेवून दिले. म्हणाल्या, दही नको होतं रे.

मग पूल ओलांडून निंबखेडे. उद्वाहक बंद, तीन मजले, मातोश्री प्रत्येक वळणावर थांबल्या आणि सारंगराव मागे दोन पायऱ्या, हात पसरून, जसा काही किल्ला पडणार तो झेलायचाय. वर घर बघून होते ना होते तोच मातोश्री वाटी घेऊन शेजारच्या दारी, आणि ते दार आधीच उघडं होतं. पद्माकाकू म्हणून होत्या, साठीच्या पुढच्या, गुडघ्याला पट्टा. विरजण म्हणताच वाटी घेतली, भरली, वर झाकण दिले, बसा म्हणाल्या, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत त्या इमारतीची सगळी लक्तरे वेशीवर टांगली, पाणी असं, गटार तसं, वरच्या मजल्यावरचा चिटणीस भांडखोर, आणि तुमचं कोपऱ्यातलं छत गळतं हं, मालक सांगणार नाही. मोरेश्वर खिडकीतून ओढा बघत उभा राहिला. सारंगरावांना वाटले की हेच, संपलं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा जीव एके ठिकाणी बसला, आणि त्यांनी मोरेश्वराला खूणही केली की मालकाला फोन लाव. आणि मग पद्माकाकू कप उचलता उचलता म्हणाल्या, तुम्ही येताय ते बरंच आहे, पण आम्ही दिवाळीनंतर चाललो लेकाकडे, हे जिने आता होत नाहीत, मागच्या महिन्यात चार दिवस खालीच उतरले नाही मी.

झालं. मोरेश्वराचा फोन कानाला तसाच राहिला. सारंगरावांनी सगळ्यांना खाली आणिले, गाडी काढिली, आणि पुलाच्या मधोमध आल्यावर गाडी बंद करून बसले. मागून एक टेम्पो आला, त्याने भोंगा वाजविला, हे हलेनात. मग मातोश्रींकडे वळून म्हणाले, आई, तुला नक्की काय हवंय ते एकदा सांग, माझं डोकं फुटेल. मातोश्रींच्या मांडीवर ती वाटी होती, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेली.

“मी पडले ना, तेव्हा शकूला माझी हाक नव्हती ऐकू गेली,” त्या म्हणाल्या. “ती रोज नऊला विरजणाला यायची. त्या दिवशी नऊला आली, परत अकराला आली, दार बंदच, तेव्हा तिला कळलं. दवाखाना समोर असून काय करशील बाळा, त्यांना सांगणार कोण? तुझा फोन तर उलटा असतो.”

ते शेवटचं वाक्य त्या रागाने बोलल्या नाहीत, तेच लागलं. सारंगरावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकले. ऋजुताबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेविला, मागे टेम्पोवाला उतरून काच वाजवू लागला, आणि मग मातोश्री म्हणाल्या, चल, त्या मुलीकडे. कुठल्या मुलीकडे? कानात बोंडूकवाली. पण तिच्याकडे विरजण नाही, आई. म्हणूनच तर, मातोश्री म्हणाल्या, आता माझ्याकडे आहे.

मग पुन्हा दहावा मजला, पुन्हा तेच दार, पुन्हा साखळी, आणि मातोश्रींनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, हे घे, विरजण, मघाशी तुझ्याकडे नव्हतं ना. मुलीने साखळी काढिली. म्हणाली, याचं काय करायचं? मातोश्री म्हणाल्या, आधी दूध तापव. आणि आत गेल्या. सारंगराव, राणीसाहेब आणि दोन्ही दरबारांचे वकील असे तिघे बाहेर जिन्यात एक तास उभे, आतून भांड्यांचा आवाज, मग हसण्याचा, मग मुलगी दार उघडून म्हणाली, तुम्ही बाहेर का उभे आहात? तिचे नाव कनिका म्हणे, दूरच्या मुलुखातून चाकरीसाठी आलेली, घर भाड्याने, करार अकरा महिन्यांचा, चैत्रात सुरू झालेला. हे ऐकून सारंगरावांचे पाय पुन्हा पुलाकडे ओढू लागले, आई, ही पण जाणार, फाल्गुनात जाणार.

“जाऊ दे,” मातोश्री म्हणाल्या. “चार महिने म्हणजे एकशे वीस वाट्या. तेवढ्यात त्या टीव्हीवाल्यांचं दारही उघडेल.”

येणेप्रमाणे हकीकत. दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता फोन आला, सुलटा ठेविला होता, कनिका म्हणाली, आजींना सांगा, दही लागलं, पण थोडं आंबट आहे, आणि सारंगरावांनी त्याच पावली नवलपुरास शब्द दिला. निंबखेड्याचे घर गळक्या छतासह दुसऱ्या कोणी घेतले. मातोश्री दिवाळीआधी आल्या, रोज नऊ वाजता वाटी कधी इकडून तिकडे, कधी तिकडून इकडे, आणि टीव्हीवाल्यांचे दार अजून उघडायचे आहे. सारंगराव मात्र अजूनही रविवारी भाजीच्या निमित्ताने पुलावर जातात, निंबखेड्याच्या तिसऱ्या मजल्यावर दिवा आहे का बघतात, आणि फाल्गुन जवळ येतोय म्हणून बोटांवर दिवस मोजतात. खरं सांग, तू त्या पुलावर असतास, मागे टेम्पोवाला काच वाजवतोय आणि आईच्या मांडीवर ती वाटी, तर तू गाडी कुठे वळवली असतीस?